ध्वनिमुद्रणातील गायन-मार्गदर्शन

ध्वनिमुद्रणातील गायन-मार्गदर्शन म्हणजे ध्वनिमुद्रणगृहात दडपणाखाली असलेल्या गायकाकडून त्याच्या कुवतीचे उत्तम गायन करवून घेण्याची कार्यपद्धती होय. हे काम प्रसंगपरत्वे संगीतकार, संगीत-संयोजक, निर्माता किंवा ध्वनिमुद्रक करतो. लहान ध्वनिमुद्रणगृहांत या सर्व भूमिका बहुधा एकाच व्यक्तीकडे असतात. मैफलीत सहजपणे गाणारा गायक बंद खोलीत, कानांना हेडफोन लावून मायक्रोफोनसमोर उभा राहिला की त्याचा आवाज आक्रसतो, श्वास तोकडा पडतो आणि तोंडपाठ असलेले शब्दही ऐन वेळी आठवत नाहीत, असा अनुभव या व्यवसायात वारंवार येतो. इंग्रजी भाषक ध्वनिमुद्रक या अवस्थेला 'रेड लाइट फीव्हर' म्हणजे 'लाल दिव्याचा ताप' असे म्हणतात. मुद्रण सुरू असल्याची खूण म्हणून लागणाऱ्या लाल दिव्यावरून हे नाव पडले आहे.

मैफलीतील चूक पुढच्या समेबरोबर विरून जाते. मुद्रित झालेली चूक मात्र कायम राहते. या जाणिवेतूनच गायकाचे बहुतेक दडपण निर्माण होते. म्हणून गायन-मार्गदर्शनात यंत्रज्ञानाइतकेच मनुष्यस्वभावाच्या जाणकारीला महत्त्व आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळात मायक्रोफोन नव्हता. गायकाला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून खड्या आवाजात गावे लागे आणि त्या कंपनांनी मेणाच्या तबकडीवर रेषा कोरली जाई. आवाज कमीजास्त करण्याची सोय नसल्याने तार सप्तकातील जोरकस स्वराच्या वेळी गायकाला मागे आणि हळुवार स्वराच्या वेळी पुढे सरकावे लागे. अनेकदा मदतनीस त्याला धरून मागेपुढे करी. मेणाची मूळ तबकडी वाजवून पाहिली तर ती खराब होत असे. त्यामुळे आपण कसे गायलो हे गायकाला तेथल्या तेथे कळण्याचा मार्ग नव्हता. तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचेच संगीत मावे.

भारतात ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेड गाइसबर्ग याने नोव्हेंबर १९०२मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रणे केली. त्यांतील गौहरजान यांची ध्वनिमुद्रणे विशेष प्रसिद्ध आहेत. गाणे संपताच त्या आपले नाव इंग्रजीत उच्चारत. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत असल्याने तेथील तंत्रज्ञांना गायिका ओळखता यावी, हा त्यामागील हेतू होता. तासाभराचा ख्याल तीन मिनिटांत आटोपशीर मांडण्याचे नवे कौशल्य गौहरजान यांच्या पिढीने आत्मसात केले.

सर्वच कलावंतांनी या यंत्राचा स्वीकार केला नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांनी आपल्या गायनाचे ध्वनिमुद्रण होऊ दिले नाही. त्यांच्या शिष्या, गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी मात्र ध्वनिमुद्रिका दिल्या. त्यांनी गायलेल्या भैरवीची एक ध्वनिमुद्रिका १९७७मध्ये 'व्हॉयेजर' अंतराळयानांबरोबर पाठविलेल्या सुवर्ण तबकडीत समाविष्ट आहे. गुरूंचे गाणे ऐकलेल्यांच्या आठवणींतच राहिले आणि शिष्येचा आवाज सूर्यमालेबाहेर पोहोचला. गायक यंत्रासमोर बसण्यास राजी होतो की नाही, यावर सांगीतिक वारशाचे किती काही अवलंबून असते, हे या गुरु-शिष्यांच्या उदाहरणावरून दिसते.

१९२५पासून विद्युत ध्वनिमुद्रण आणि त्याबरोबर मायक्रोफोन आला. आता कुजबुजीइतका हळुवार स्वरही पकडता येऊ लागला. भावगीतासारखा, श्रोत्याच्या कानाशी बोलल्यासारखा गायनप्रकार यामुळे शक्य झाला. पण श्वासाचा आवाज, जिभेची चटचट आणि स्वराचा सूक्ष्म कंपही ऐकू येऊ लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत प्रचारात आली आणि गायन पुन्हा पुन्हा मुद्रित करणे, हवा तो भाग कापून जोडणे सुलभ झाले. पुढे बहुपदरी मुद्रणामुळे वाद्यवृंद आधी आणि गायन नंतर, असा क्रम रूढ झाला. गायकाला सावकाश गाण्याची मुभा मिळाली, परंतु वादकांच्या सोबतीत गाण्याचा आधार सुटला आणि तो काचेमागच्या खोलीत एकटा पडला.

दडपणाची कारणे

भीतीच्या वेळी शरीरात ॲड्रेनलिन हे संप्रेरक स्रवते. त्याने हृदयाचे ठोके वाढतात, तोंड कोरडे पडते, श्वास पोटातून न होता छातीच्या वरच्या भागातून होऊ लागतो आणि मान, जबडा व स्वरयंत्राभोवतीचे स्नायू आवळले जातात. बासरीवादकाच्या हाताला कंप सुटला तरी बासरी तीच राहते. गायकाचे मात्र शरीर हेच वाद्य असल्याने भीतीचा परिणाम थेट स्वरावर होतो. लांब स्वर अर्ध्यावर तुटतो, वरचा स्वर घशातून ओढला जातो आणि लय नकळत पुढे धावते.

या सर्वसामान्य भीतीखेरीज ध्वनिमुद्रणगृहाची म्हणून काही खास कारणे असतात. पहिले कारण म्हणजे स्वतःचा आवाज परका वाटणे. माणूस बोलताना किंवा गाताना आपला आवाज हवेतून ऐकतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही ऐकतो. हाडांतून येणाऱ्या आवाजात खर्जाचा भरणा अधिक असतो. मुद्रित आवाजात हा भाग नसल्याने तो पातळ आणि अनोळखी भासतो. 'माझा आवाज असा आहे?' हा नवख्या गायकाचा पहिला उद्गार याच कारणाने येतो.

दुसरे कारण शांततेचे आहे. ध्वनिशोषक आवरणांनी मढविलेल्या खोलीत आवाजाचा प्रतिध्वनी उठत नाही. देवळाच्या सभामंडपात किंवा सभागृहात गाण्याची सवय असलेल्या गायकाला अशा खोलीत आपला आवाज जागीच गळून पडल्यासारखा वाटतो आणि तो विनाकारण जोर लावू लागतो. तिसरे कारण श्रोत्यांचा अभाव. मैफलीत समेवर हलणारी मान आणि वाहवा ही गायकाला मिळणारी पावती असते. काचेपलीकडील गंभीर चेहरे ती देत नाहीत. चौथे कारण वेळ आणि पैसा. ध्वनिमुद्रणगृहाचे भाडे बहुधा तासांवर आकारले जाते आणि आपल्या प्रत्येक चुकीची किंमत कोणीतरी मोजत आहे, हा विचार गायकाच्या मनात घर करून बसतो.

सर्वच ताण वाईट नसतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८मध्ये केलेल्या प्रयोगांवरून पुढे असा नियम मांडला गेला की उत्तेजना एका मर्यादेपर्यंत वाढली तर कामगिरी सुधारते आणि त्यापलीकडे गेली तर ढासळते. अगदी निर्धास्त गायकाचे गाणेही निस्तेज होऊ शकते. त्यामुळे ताण पूर्णपणे नाहीसा करण्याऐवजी तो उपकारक मर्यादेत ठेवणे, हे मार्गदर्शकाचे काम ठरते.

पूर्वतयारी

ध्वनिमुद्रणगृहात आढळणाऱ्या अनेक अडचणींचे मूळ आदल्या आठवड्यात असते. गाण्याची पट्टी चुकीची ठरली असेल तर धीर देऊन उपयोग होत नाही. पट्टी ठरविताना गायकाचा सर्वांत वरचा स्वर लागतो की नाही एवढेच न पाहता, तो स्वर दहाव्या वेळीही सुखाने लागतो की नाही हे पाहिले जाते. कारण मुद्रणात तीच ओळ तितक्या वेळा गावी लागण्याचा संभव असतो. मुद्रणाच्या वेळी घाबरलेला गायक तालमीतल्यापेक्षा अर्धा स्वर खालच्या पट्टीत अधिक मोकळा गातो, असे आढळल्यास वाद्यांचे मुद्रण होण्यापूर्वीच पट्टी उतरविणे श्रेयस्कर असते.

गायकाला गाण्याचा कच्चा आराखडा काही दिवस आधी दिला जातो. शब्द मोठ्या अक्षरांत, एका बाजूस लिहिलेले आणि ओळी कोठे तुटतात व श्वास कोठे घ्यावयाचा याच्या खुणांसह असावेत. पान उलटण्याचा आवाज मुद्रित होत असल्याने कागद शक्यतो वेगवेगळे ठेवतात आणि ते धरण्यासाठी हातांऐवजी स्टँड वापरतात. हात मोकळे राहिल्याने खांदेही सैल राहतात. न पटणारा किंवा जिभेवर न बसणारा शब्द असेल तर त्याची चर्चा याच टप्प्यावर उरकली जाते.

मुद्रणाची वेळ ठरविताना आवाजाचा विचार करावा लागतो. झोपेतून उठल्यावर काही काळ आवाज जड असतो. दिवसभर बोलण्याचे काम करणाऱ्या शिक्षक, वकील किंवा विक्रेत्यांचा आवाज संध्याकाळी थकलेला असतो. मुद्रणापूर्वी वीस-पंचवीस मिनिटे खर्जापासून सुरुवात करून आवाज तापविणे उपयुक्त ठरते. पिण्यासाठी साधे किंवा कोमट पाणी ठेवतात. वातानुकूलनाची हवा थंड आणि कोरडी असल्याने घसा सुकतो, म्हणून वातानुकूलन यंत्राचा झोत गायकाच्या अंगावर येणार नाही याची काळजी घेतली जाते.

कक्षाची मांडणी

गायक येण्यापूर्वीच मायक्रोफोन, तारा आणि हेडफोन जोडून व तपासून ठेवणे हा या कामातील पहिला शिष्टाचार मानला जातो. ताटकळत उभ्या असलेल्या गायकाची भीती प्रत्येक मिनिटाला वाढते. मायक्रोफोन साधारणपणे तोंडापासून वीतभर अंतरावर असतो. त्याच्यापुढे जाळीचा पडदा लावतात. प, फ, ब, भ यांसारख्या ओष्ठ्य वर्णांच्या उच्चाराबरोबर सुटणारा हवेचा झोत त्याने अडतो. मराठीत महाप्राण व्यंजने विपुल असल्याने हा पडदा विशेष गरजेचा आहे. गायकाला 'भ जरा सांभाळा' असे सांगत राहण्यापेक्षा मायक्रोफोन किंचित तिरका करणे केव्हाही सोयीचे असते, कारण उच्चाराकडे लक्ष वळले की भावाकडे दुर्लक्ष होते.

उभे राहून गावे की बसून, हे गायकाच्या सवयीवर सोडतात. पाश्चात्त्य पद्धतीत उभे राहण्याचा प्रघात आहे. हिंदुस्थानी संगीताचा गायक मांडी घालून, हातवाऱ्यांसह गाण्यास सरावलेला असतो. त्याच्यासाठी बैठक घालून मायक्रोफोन खाली घेणे हाच योग्य उपाय होय. लता मंगेशकर पादत्राणे काढून गात असत. अशा वैयक्तिक सवयींना मान दिल्याने जागा परकी वाटत नाही.

प्रकाश मंद ठेवणे, गायकाची पाठ किंवा बाजू काचेकडे करणे, काचेवर पडदा ओढणे आणि नियंत्रण कक्षातील अनावश्यक मंडळींना बाहेर बसविणे हे सोपे पण परिणामकारक उपाय आहेत. अमेरिकी ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडियन यांनी मायकल जॅक्सन यांचे गायन बहुधा अंधारात मुद्रित केले. काही गायकांना हेडफोनचेच ओझे होते. अशांना नियंत्रण कक्षातच, स्पीकरवर वाद्यसंगीत लावून, हातात धरावयाचा मायक्रोफोन देऊन गाऊ देतात. थोडे वाद्यसंगीत गायनाच्या मुद्रणात मिसळते खरे, परंतु मोकळ्या आवाजासाठी एवढी तडजोड अनेक निर्माते स्वीकारतात.

हेडफोनमधील आवाज

गायकाच्या कानात जे ऐकू येते त्यावर त्याचे सूर आणि आवाजाचा जोर हे दोन्ही अवलंबून असतात. सभोवतालचा गोंगाट वाढला की माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो, हे फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी १९११मध्ये नोंदविले. या परिणामाला त्यांचेच नाव आहे. हेडफोनमध्ये वाद्ये फार मोठी असतील तर गायक ओरडू लागतो आणि बहुधा सुराच्या वर चढतो. उलट स्वतःचा आवाज फार मोठा ऐकू येत असेल तर तो दबकत गातो आणि सूर उतरतो. म्हणून गायक बेसूर होऊ लागल्यास त्याला तसे सांगण्यापूर्वी हेडफोनमधील प्रमाण तपासून पाहावे, असा जाणकारांचा संकेत आहे. एका कानावरील हेडफोन थोडा सरकविणे हा जुना आणि आजही चालणारा उपाय आहे.

हेडफोनमध्ये गायकाच्या आवाजाला थोडा घुमारा जोडल्यास कोरड्या खोलीचा परकेपणा कमी होतो. हा घुमारा केवळ त्याला ऐकविण्यापुरता असतो. मूळ मुद्रणात तो नसतो. मात्र घुमारा जास्त झाला तर सुरातील बारीक चुका गायकालाच कळेनाशा होतात.

संगणकावरील मुद्रणात आवाज यंत्रातून जाऊन कानात परतण्यास किंचित विलंब लागतो. ध्वनी हवेत एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर अंतर कापतो. त्यामुळे दहा मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे आपलाच आवाज साडेतीन मीटरांवरून ऐकू येण्यासारखे असते. एवढ्यानेही अननुभवी गायकाची लय डळमळते आणि दोष आपलाच आहे असे त्याला वाटते. आवाज संगणकातून न फिरविता थेट हेडफोनमध्ये देण्याची सोय बहुतेक उपकरणांत असते.

हिंदुस्थानी संगीताच्या गायकाला कानात तानपुरा स्पष्ट हवा असतो. तालासाठी यांत्रिक टिकटिक ऐकविण्याऐवजी तबल्याचा ठेका दिल्यास त्याला सम आणि खाली ओळखून गाता येते.

संवाद

गायक आणि नियंत्रण कक्ष यांच्यात बोलण्यासाठी असलेल्या ध्वनियंत्रणेला 'टॉकबॅक' म्हणतात. बटण दाबलेले नसेल तर गायकाला पलीकडचे काहीही ऐकू येत नाही. एक टेक संपल्यावर काचेपलीकडे दोघे-तिघे डोके एकत्र करून बोलताना दिसतात, पैकी एखादा हसतो आणि अर्धे मिनिट कोणीच काही सांगत नाही. ही शांतता गायकाला कोणत्याही टीकेपेक्षा अधिक खचविते. पलीकडे चहाची चर्चा चालू असेल, पण गायक ती स्वतःबद्दलची समजतो. म्हणून टेक संपताच, निर्णय झालेला नसला तरी, 'छान, एक मिनिट थांबा, ऐकून सांगतो' एवढे तरी बोलावे, असा दंडक आहे.

सूचना देताना एका वेळी एकच गोष्ट सांगितली जाते. 'सूर सांभाळा, शब्द स्पष्ट हवेत, लय धावते आणि भाव कमी पडतो' असे एका दमात सांगितल्यास पुढचा टेक आधीच्याहून वाईट होतो. दोष दाखविण्यापेक्षा करावयाची कृती सांगणे उपयोगी पडते. 'सूर खाली जातोय' याऐवजी 'ओळीच्या आधी श्वास थोडा लवकर घ्या' असे सांगितले तर गायकाच्या हाती काहीतरी लागते. अंगविक्षेप किंवा तंत्र यांविषयी बोलण्यापेक्षा अर्थाविषयी बोलल्याने लक्ष स्वतःवरून गाण्याकडे वळते. ही ओळ कोण कोणाला उद्देशून म्हणत आहे, ती व्यक्ती जवळ आहे की दूर, या प्रश्नांनी आवाजाचा जोर आणि पोत आपोआप बदलतो.

खोटी स्तुती मात्र घातक ठरते. प्रत्येक टेकला 'अप्रतिम' म्हणून पुन्हा गावयास लावणाऱ्या मार्गदर्शकावर गायकाचा विश्वास राहत नाही. चांगल्या झालेल्या ओळीचा नेमका उल्लेख करून उरलेल्या ओळीसाठी पुन्हा गाण्यास सांगणे अधिक प्रामाणिक असते. दोन-तीन टेकनंतरही एखादी जागा साधत नसेल तर ती सोडून पुढे जातात, सोपा अंतरा आधी उरकतात आणि आवाज मोकळा झाल्यावर अवघड जागेकडे परततात. गायक थकला आहे हे ओळखून वेळीच थांबविणे हादेखील मार्गदर्शनाचाच भाग आहे.

टेक आणि जोडकाम

अनुभवी ध्वनिमुद्रक गायकाने तोंड उघडल्यापासून सर्व काही मुद्रित करतो. 'आधी फक्त आवाजाची पातळी पाहू, एकदा गाऊन घ्या' असे सांगितले की गायक निर्धास्तपणे गातो आणि पुष्कळदा हीच तालीम सर्वोत्तम ठरते. पुढे तीन ते पाच संपूर्ण टेक घेऊन त्यांतून ओळीगणिक उत्तम भाग निवडले जातात. संपूर्ण गाणे गाऊन घेण्याचा फायदा असा की गाण्याचा चढउतार टिकतो. ओळ-ओळ तोडून मुद्रित केलेले गायन निर्दोष असूनही तुकड्यातुकड्यांचे वाटू शकते. जोडताना श्वास कापला जाणार नाही आणि एका ओळीत दोन श्वास येणार नाहीत, हे पाहावे लागते.

१९९७मध्ये 'ऑटो-ट्यून' ही संगणकप्रणाली बाजारात आली आणि बेसूर स्वर नंतर सुरात आणणे शक्य झाले. तिच्यामुळे गायकावरील ओझे हलके झाले, हे मान्य करावे लागते. एका उतरलेल्या स्वरासाठी भावपूर्ण टेक टाकून द्यावा लागत नाही. मात्र ही प्रणाली स्वराला ठरावीक बारा स्थानांपैकी जवळच्या स्थानावर खेचते. मींड, आंदोलन आणि श्रुतीचे सूक्ष्म भेद ज्या संगीतात अर्थपूर्ण असतात, तेथे तिचा सरसकट वापर केल्यास राग-स्वरूपच पुसले जाण्याचा धोका असतो. शिवाय घाबरून आक्रसलेला आवाज सुरात आणता येतो, पण मोकळा करता येत नाही.

उल्लेखनीय उदाहरणे

'महल' (१९४९) या चित्रपटातील 'आयेगा आनेवाला' या गीतासाठी संगीतकार खेमचंद प्रकाश यांना आवाज दुरून जवळ येत असल्याचा आभास हवा होता. त्यासाठी लता मंगेशकर यांना मायक्रोफोनपासून दूर उभे राहून गात गात जवळ यावे लागले. मायक्रोफोनसमोर श्वास कसा आणि कोठे घ्यावा याचे धडे संगीतकार अनिल विश्वास यांनी आपल्याला दिले, असे त्या आवर्जून सांगत. त्या काळी गायक आणि वाद्यवृंद एकत्र मुद्रित होत. एकाची चूक झाली तरी सर्वांना पुन्हा पहिल्यापासून वाजवावे लागे.

पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५पासून प्रसारित झालेल्या 'गीतरामायणा'त ५६ गीते होती. ग. दि. माडगूळकर यांची गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेल्या या मालिकेत आठवड्याला एक नवे गीत सिद्ध करावे लागे आणि ती निरनिराळ्या गायक-गायिकांनी गायली. अनेक आवाज आणि मोजका वेळ असतानाही गुणवत्ता टिकते ती स्वतः गायक असलेल्या संगीतकारामुळे, याचे हे ठळक उदाहरण मानता येते.

'बीटल्स' या ब्रिटिश वृंदाने आपल्या पहिल्या संग्रहासाठी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी दहा गाणी मुद्रित केली. घसा फाडून गावे लागणारे 'ट्विस्ट अँड शाउट' निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी मुद्दाम शेवटी ठेवले. जॉन लेनन यांना सर्दी झालेली होती आणि पहिल्याच टेकनंतर त्यांचा आवाज बसला. तोच टेक वापरला गेला. हे गाणे सकाळी घेतले असते तर उरलेली गाणी होऊ शकली नसती. याच वृंदातील ढोलवादक रिंगो स्टार यांना गाण्याचा आत्मविश्वास कमी होता. मार्च १९६७मध्ये 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स' मुद्रित करताना शेवटचा उंच स्वर त्यांना कठीण वाटत होता. तेव्हा उरलेले तिघे सोबती मायक्रोफोनजवळ त्यांच्याभोवती उभे राहिले आणि त्यांना धीर देत राहिले. श्रोते टोमॅटो फेकतील या धास्तीने त्यांना नकोशी वाटलेली एक ओळही आधीच बदलण्यात आली होती.

डेव्हिड बोवी यांच्या 'हीरोज' (१९७७) या गीतासाठी निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी यांनी बर्लिनमधील हान्सा ध्वनिमुद्रणगृहात सुमारे ९ इंच, २० फूट आणि ५० फूट अंतरांवर तीन मायक्रोफोन ठेवले. दूरचे मायक्रोफोन आवाज पुरेसा मोठा झाल्यावरच उघडत. तोंडी सूचनेऐवजी मांडणीनेच गायकाला उत्तरोत्तर आवाज चढवावयास लावण्याची ही युक्ती प्रसिद्ध आहे.

चूक राखून ठेवण्याचीही उदाहरणे आहेत. 'रोलिंग स्टोन्स' यांच्या 'गिमी शेल्टर' (१९६९) या गीतात मेरी क्लेटन यांचा आवाज वरच्या स्वरावर चिरकतो. मायकल जॅक्सन यांच्या 'शी इज आउट ऑफ माय लाइफ' (१९७९) या गीताच्या शेवटी त्यांचा कंठ दाटून येतो. प्रत्येक टेकला तसेच झाल्याने निर्माते क्विन्सी जोन्स यांनी ते तसेच राहू दिले.

लोकगायक आणि बालगायक

व्यवसायाने गायक नसलेल्यांसाठी ध्वनिमुद्रणगृह ही बहुधा सर्वांत गैरसोयीची जागा असते. अमेरिकी लोकसंगीत-संग्राहक ॲलन लोमॅक्स यंत्र घेऊन गायकांच्या वस्तीत जात आणि मुद्रण झाल्यावर ते लगेच त्यांना ऐकवीत. महाराष्ट्रात गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या. ओवीची लय जात्याच्या फेऱ्यात आणि दोघींनी मिळून दळण्यात असते. तिला त्या कामापासून आणि सोबतिणीपासून तोडून मायक्रोफोनसमोर एकटे उभे केले तर तिचा मूळ आधारच निघून जातो. पोवाडा, भारूड किंवा भजन यांचे मुद्रण करतानाही झीलकरी, टाळकरी आणि मुख्य गायक यांना एकत्र ठेवणे म्हणूनच हितावह असते.

मुलांच्या बाबतीत मुद्रणाचा अवधी थोडा ठेवतात आणि मध्ये खेळण्यास सोडतात. समूहगीतात एका मुलाची चूक सर्वांसमक्ष दाखविण्याऐवजी सगळ्यांना मिळून ती ओळ पुन्हा म्हणावयास सांगतात. पालकांना नियंत्रण कक्षाबाहेर थांबविणे पुष्कळदा इष्ट ठरते, कारण मूल गाताना त्यांच्याच चेहऱ्याकडे पाहत राहते.

नैतिक प्रश्न

गायन-मार्गदर्शनात सत्ता एका बाजूला असते. काचेपलीकडील व्यक्ती ऐकते, निवडते आणि नाकारते. गायकाला आपले कोणते गाणे जगासमोर जाईल हे पुष्कळदा नंतर कळते. गायकाला न सांगता केलेले मुद्रण वापरण्यापूर्वी त्याला ऐकवून संमती घेणे आवश्यक मानले जाते. भीती घालविण्यासाठी केलेली युक्ती आणि फसवणूक यांतील सीमारेषा या संमतीनेच ठरते.

अपमान करून, रडवून किंवा असंख्य टेक घेऊन गायकाला मोडल्याशिवाय खरा भाव येत नाही, असे मानणारा एक पक्ष आहे. अशा पद्धतीने काही गाजलेली ध्वनिमुद्रणे झालीही असतील. परंतु तिच्यामुळे ज्यांनी पुन्हा मायक्रोफोनसमोर उभे राहण्याचे धैर्य केले नाही, त्यांची गाणी मोजता येत नाहीत. शिवाय भीतीने कापणारा आणि भावनेने कापणारा आवाज यांत फरक असतो. पहिल्यात श्वास अडकलेला असतो, दुसऱ्यात तो मोकळा असतो. आणि हा फरक सामान्य श्रोत्यालाही जाणवतो.

ध्वनिमुद्रणाची साधने आता घराघरांत पोहोचली असून पुष्कळ गायक स्वतःच स्वतःचे ध्वनिमुद्रक झाले आहेत. भाड्याची चिंता आणि काचेपलीकडचे चेहरे नाहीसे झाले, तरी प्रत्येक टेक स्वतःच तपासून नाकारण्याचे नवे दडपण आले. गाण्याच्या वेळी फक्त गाणे आणि निवड दुसऱ्या दिवशी, शक्य तर विश्वासातल्या दुसऱ्या कानांनी करणे, हा त्यावरील सर्वमान्य उपाय आहे.